निंगव्वाचे दोन तास

आमच्या घरी घोडे होते असं मी कुणाला सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग घराकडे, आणि मग विषय बदलतात. त्यांची चूक नाही. धारवाडच्या आमच्या मळमड्डीत लोकांच्या घरी पेटी असते, तंबोरा असतो, फार तर एखादं म्हातारं कुत्रं असतं. घोडे कुणाकडे नसतात. आमच्याकडे दोन होते, आणि तेही धड घोडे नव्हेत, तट्टं. माझ्या खांद्यापर्यंतही पोचायची नाहीत एवढी.

हा उद्योग आमच्या ह्यांचा. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर असा रुळावरून घसरतो. मित्राबरोबर कुठल्याशा जनावरांच्या बाजाराला म्हणून गेले आणि संध्याकाळी टेम्पो घेऊन आले. टेम्पोत एक तांबडी, एक पांढुरकी. थोरली राणी, धाकटी चिमणी. नावंसुद्धा वाटेतच ठेवून झाली होती, म्हणजे मला काही विचारायचं शिल्लकच नव्हतं. मागच्या अंगणात गाडीची शेड होती. गाडी विकल्यापासून ती रिकामीच होती, तिथं दोघींची सोय झाली. मी चार दिवस बोलले नाही, पाचव्या दिवशी बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण खरं सांगायचं तर ह्यांनी आठ-दहा महिने सगळं स्वतः केलं. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते वॉकरवर आले. घोडे माझ्या गळ्यात पडले.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. पन्नास पोरांचा वर्ग मी नुसत्या नजरेनं गप्प करायची. पण राणीनं कान मागं टाकले की माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचे. हे खिडकीत उभे राहून ओरडायचे, "डावीकडून जा, डावीकडून." मी म्हणायची, "तुम्ही या आणि जा कुठूनही." मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा, आई, व्हिडिओ बघ, सगळं आहे त्यात. असेल. व्हिडिओतला घोडा चावत नाही.

शेवटी सुभाष रोडवरच्या आमच्या किराणा दुकानदाराच्या काचेवर मी कागद चिकटवला. वर कन्नड, खाली मराठी. 'घरची दोन तट्टं सांभाळायला माणूस पाहिजे. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास.' दिवसभराचा माणूस आम्हाला परवडणारा नव्हता, आणि लागणारही नाही अशी माझी समजूत होती. दोन एवढीशी जनावरं, त्यांचं तासाभरात काय उरकत नाही? जनावर न पाळलेल्या बाईची समजूत ती.

लोक आले तेही एकेक नमुने. एक जण फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याला काम पसंत होतं, फक्त घोड्यांना हात लावायचा नव्हता. एकानं फोनवर विचारलं, काम घरून करता येईल का. "घोडे आमच्या घरी आहेत, तुमच्या नव्हे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तिसऱ्यानं येऊन राणीचे दात बघितले आणि विकणार का विचारलं. त्या आठवड्यात मी जवळजवळ विकलीच असती. विकली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं आता मनात येतं.

आठव्या दिवशी फाटक वाजलं. बाहेर एक उंच, वाळकी बाई उभी. साठीच्या पुढची. रंग उडालेलं इरकल, हातात वायरची पिशवी.

"अक्कोर, तिकडं माणूस पाहिजे म्हणून लिवलंय म्हणे. बाई चालंल का?"

आमच्याकडे शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात. मी मास्तरीण होते हे हिला दुकानातच कळलं असणार.

"काम घोड्यांचं आहे," मी म्हटलं.

"ते ठाव आहे. म्हणून तर आलो."

इकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो, करतो असंच म्हणतात. ती कन्नडच, पण माझ्याशी अशा मराठीत बोलायची, आणि मी तिच्याशी मला येतं तसल्या कन्नडात. निम्मं बोलणं वाटेतच भाषा बदलायचं. निंगव्वा तिचं नाव. नवऱ्याचा टांगा होता, धारवाड स्टेशनसमोर उभा असायचा. "तो टांगा हाकायचा. घोडा मी बघत होतो," असं तिनं सांगितलं. टांगे बंद पडले, मग घोडा गेला, मग दोन वर्षांनी नवरा गेला. जास्त वाईट कुणाचं वाटलं हे तिनं पुढं मला आपणहून सांगितलं. ते मी सांगणार नाही.

मी अजून प्रश्नच विचारत होते, तोवर ती शेडमध्ये जाऊन उभीही राहिली होती. घोड्यांकडे पाठ करून. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाई हलेना. मला वाटलं डोक्यात काही कमी-जास्त असेल.

"काय करतेस?"

"त्यांना बघू द्या की. सारखं आपणच बघायचं का त्यांना?"

मग राणी पुढं आली. जिला मी कधी चार हातांच्या आत घेतलं नव्हतं, ती राणी. तिनं त्या बाईच्या मानेचा वास घेतला, पिशवीचा घेतला आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. तेवढ्यावर निंगव्वा कामाला लागली.

तिच्या कामाच्या तऱ्हा सांगायच्या तर सगळ्यात आधी कान. आल्या आल्या ती पाय धुवायची, हात धुवायची आणि एकेकीच्या कुशीला कान लावायची. डोळे मिटलेले. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, ह्यांनी खोकायचं नाही. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मग डोळे उघडून म्हणायची, "बोलतंय." घोड्याचं पोट सतत गुरगुरत असतं, आणि ते गप्प झालं की घात असतो, हे मला तिनं शिकवलं. दुसरं लीद. मी वह्या तपासायची तशी ती लीद तपासायची. काडीनं फोडून, उलटीपालटी करून. "धाकट्या तंगीनं काल पाणी कमी प्यालंय," असा शेरा द्यायची, आणि तो बरोबर निघायचा. तंगी म्हणजे धाकटी बहीण. ह्यांनी हौसेनं ठेवलेली नावं तिनं एकदाही उच्चारली नाहीत. दोघींनाही तंगीच. कुठल्या तंगीला हाक मारली ते त्या दोघींना मात्र बरोब्बर कळायचं.

गवताचा भारा आला की आधी ती एक काडी चावून बघायची. गवतवाल्याच्या तोंडावर थुंकायची नाही एवढंच. काहीही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "नोडूण," म्हणजे बघू या. पाऊस येईल का? नोडूण. राणीचा खूर भरून येईल का? नोडूण. ह्यांनी विचारलं, मी परत नीट चालेन का गं निंगव्वा? तिनं त्यांच्या पायाकडेही खुराकडे बघावं तसंच बघितलं आणि म्हणाली, नोडूण.

दोन तास म्हणजे किती, हा आमचा कायमचा वाद. हळियाळ रोडच्या बाजूला एक कल्याण मंटप होता. लग्न असेल त्या दिवशी तिथं ती भांडी घासायला जायची, म्हणून तिला वेळ मोजकाच. तरी सकाळचा तास कधी तासात संपला नाही. काम झाल्यावर ती उगीचच शेडच्या उंबऱ्यावर बसून राहायची. मी म्हणायची, "निंगव्वा, वेळ झाली." ती म्हणायची, "माझी झाली. त्यांची व्हायची आहे." मला ह्यावर काही सुचायचं नाही, आणि मला न सुचणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती.

एकदा मी बाजारातून आले तर घरभर वास. माझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये निंगव्वानं घोड्यांचे हुलगे शिजायला लावले होते. ह्याच कुकरमध्ये मी सणाचं वरण लावते. माझा आवाज चढला. घोड्यांसाठी वेगळं पातेलं दिलेलं होतं, चुलीची सोय मागं होती.

ती शांतपणे म्हणाली, "पातेल्यात कच्चं राहतंय अक्कोर. कच्चं पोटात गेलं की फुगतंय. तुमचा कुकर काय, धुतला की झाला."

"मी ह्याच्यात परत स्वयंपाक करणार नाही."

"बरं," म्हणाली. हुलगे निथळून तिनं घोड्यांना नेले, आणि खाली राहिलेल्या कळणाला लसूण, लाल मिरची, चिंच लावून फोडणी दिली. मी रागानं खोलीत बसले होते. बाहेर आले तर हे दुसऱ्यांदा वाटी पुढं करत होते. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आमचं सार घोड्यांच्या हुलग्यांचं. मोडलेल्या हाडाला हुलगे चांगले म्हणे. राणी-चिमणी जेवतात म्हणून आम्ही जेवतो, असं हे येईल त्याला सांगायचे आणि मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. सार मात्र झकास व्हायचं, हे नाकारता येत नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या एकांच्या भाच्याचं लग्न होतं विद्यानगरला, हुबळीला. नवरदेवाला घोड्यावरून न्यायचं होतं. घरच्या घरी पांढरी घोडी आहे म्हटल्यावर मंडळी थेट आमच्याकडे. हे लगेच तयार. म्हणाले, चिमणीला झूल घालू, निंगव्वाला नवं लुगडं घेऊ. निंगव्वा भिंतीला टेकून ऐकत होती.

"नवरा किती किलोचा?" तिनं विचारलं.

पाहुणे हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. तिनं परत विचारलं. मग त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला. नवरदेव दिलदार अंगाचे होते. निंगव्वानं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि फोन परत देत म्हणाली, "ह्यो तंगीवर बसला तर तंगीनं कुणावर बसायचं?"

ते लोक आमच्याशी आजही बोलत नाहीत. जाताना फाटकही लावून गेले नाहीत.

ह्या सगळ्यात मी हसते आहे असं वाटेल. हसायचे दिवस होते ते. पण मला चिमणीच्या पोटदुखीचा दिवस सांगायचा आहे, कारण त्या दिवशी निंगव्वा काय आहे हे मला कळलं, आणि मी काय आहे तेही.

सकाळी अकराची वेळ. ती निघायच्या बेतात होती, पिशवी हातात होती. जाता जाता सवयीनं तिनं चिमणीच्या कुशीला कान लावला आणि तशीच थांबली. मग दुसरी बाजू. मग परत पहिली. पिशवी खाली ठेवली.

"बोलत नाही," म्हणाली.

चिमणी पोटाकडे मान वळवून बघत होती, पुढचा पाय आपटत होती. खाली बसू बघत होती. जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन लावला. ते कलघटगीकडे कुठल्याशा गावी होते, संध्याकाळशिवाय येणं शक्य नव्हतं. तोवर चालवत ठेवा, म्हणाले, लोळू देऊ नका. निंगव्वानं ते मी सांगायच्या आधीच सुरू केलं होतं. दोर हातात घेऊन ती चिमणीला फाटकाबाहेर घेऊन गेली. अंगण पुरणार नव्हतं.

मळमड्डीच्या गल्ल्यांतून अकरापासून पाचपर्यंत ती चालली. मार्चचं ऊन. चिमणी थांबायची, गुडघे वाकवायची. ही खांदा लावून तिला उभी करायची, कानात काहीतरी बोलायची, परत चालायची. निवृत्त अधिकारी आपापल्या फाटकात येऊन सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं सोडा पाजा, कुणी म्हणालं नारळाचं पाणी. आमच्या घोड्यांच्या माश्यांबद्दल महापालिकेकडे अर्ज करणारे शेजारचे देसाई बराच वेळ नुसते बघत उभे होते. मग आत गेले, छत्री घेऊन आले आणि निंगव्वाच्या डोक्यावर धरून तिच्याबरोबर चालायला लागले. पंच्याहत्तरीचा माणूस. मी काय करत होते? मी फाटकात उभी राहून तांब्या भरून देत होते. दुसरं काही येतच नव्हतं मला.

डॉक्टर पाचला आले, सुई दिली. अर्ध्या तासानं निंगव्वानं कान लावला आणि मला हात केला. "अक्कोर, या. ऐका."

मी आयुष्यात पहिल्यांदा घोड्याला गाल लावला. आधी नुसता ऊबदार केसांचा वास. मग लांब कुठंतरी पन्हाळीतून पाणी पडावं तसं गुळगुळलं. निंगव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसले तेव्हा ती हसली. त्या क्षणी मला ती माझ्या सख्ख्या बहिणीहून जवळची वाटली, हे मी तेव्हा तिला सांगायला हवं होतं. मी तिला चहा दिला.

तीन महिन्यांनी तिची मुलगी रेणुका काही कामानं आमच्याकडे आली होती, तिच्याकडून कळलं. पोटदुखीच्या त्या दिवशी मंटपात मोठं लग्न होतं. निंगव्वा गेली नाही, निरोपही दिला नाही. त्यांनी दुसरी बाई ठेवली. म्हणजे तीन महिने ती आमच्या दोन तासांवर होती आणि मला पत्ता नव्हता. मी तिला फैलावर घेतलं. सांगितलं का नाहीस?

"सांगून तुम्ही काय केला असता?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. ह्यांच्या औषधांतून, डॉक्टरांतून आमच्या हातात काय उरत होतं ते तिला दिसत होतं. मंटप सुटल्यापासून ती आमच्याकडे दिवसभर असायची आणि आम्ही तिला दोन तासांची बाई म्हणत होतो. ते तसंच चालू राहिलं.

अडीच वर्षांत ती एकदाही चुकली नाही. म्हणून एका सकाळी आठपर्यंत फाटक वाजलं नाही, तेव्हा मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले. नऊला रेणुकाचा फोन. अव्वाला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय, आणि वाचा.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात काय झालं ते आठवलं की अजून मला घाम येतो. मी परत कागद लावला, एकही माणूस टिकला नाही. कुणी दोन दिवस, कुणी दोन तास. राणी कुणाला जवळ येऊ देईना. एकदा तिनं माझा दंड दातांत धरला, महिनाभर निळा होता. शेडमध्ये घाण साचली. देसाईंनीसुद्धा चार दिवस गवत टाकलं, मग त्यांचा दम लागायला लागला. हे वॉकर घेऊन पायरीपर्यंत गेले आणि तिथंच बसून रडले. मी त्यांना रडताना लग्नानंतर दुसऱ्यांदा बघत होते. आम्ही दोघं म्हातारी माणसं, आणि शेडमध्ये दोन जिवंत तोंडं, सकाळ झाली की आमच्या दाराकडे बघणारी. आमच्या हातात काहीच राहिलं नव्हतं.

दांडेलीच्या वाटेवर कुणाचं तरी रिसॉर्ट होतं. त्याच्या मालकाचा फोन येत होता. जनावरं देणार असाल तर नेतो म्हणाला. निंगव्वाला विचारल्याशिवाय द्यायची नाहीत, असं मी ठरवलं. एवढं तरी मी तिचं देणं लागत होते.

मी तिच्याकडे गेले. एका खोलीचं घर. ती खाटेवर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. रेणुका औषधं आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघीच. मी तिचा डावा, चांगला हात धरला आणि कन्नडात सांगितलं. मला जमत नाही निंगव्वा. माणूस मिळत नाही. दांडेलीकडचा एक जण नेतो म्हणतोय, त्याच्याकडे जागा आहे, माणसं आहेत. देऊ का?

ती ओठ हलवून बघत होती, शब्द येईना. मग कष्टानं म्हणाली, "साक्री." माझा हात आवळून परत म्हणाली, "साक्री, अक्कोर. साक्री."

साकु म्हणजे पुरे. पानात कुणी आणखी वाढायला लागलं की म्हणतात, साक्री. पुरे हो, बास. मला वाटलं ती मला मोकळं करते आहे. पुरे झालं आता, सोडा. मी तिच्या हातावर डोकं टेकून रडले. ते रडणं दुःखाचं नव्हतं, सुटकेचं होतं, हे आता कबूल करते.

दांडेलीचा माणूस आला आणि चिमणीलाच घेऊन गेला. पांढरी, लहानखुरी, फोटोत चांगली दिसते. राणी वयस्क, खुराला भेग, ती त्याला नको होती. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणायला अंगात त्राण लागतं. राणीसाठी अळणावरकडचा एक शेतवाला मिळाला, तो तिसऱ्या दिवशी आला. मधले दोन दिवस राणी खिंकाळत होती, फाटकाकडे तोंड करून. मी मागच्या खिडक्या लावून घेतल्या.

त्यानंतर मी निंगव्वाकडे गेले नाही. फळं पाठवली, रेणुकाला फोन केला, पण गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. तिला त्या खाटेवर बघवत नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

महिन्याभरानं एका संध्याकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. रेणुका उतरली आणि तिनं आईला धरून उतरवलं. काठी, अर्धा ओढत येणारा पाय, अंगावर धुतलेलं इरकल. केस विंचरलेले. कुठंतरी जायला निघावं तशी तयारी. रेणुका हसत म्हणाली, "आठवडाभर कुदरी, कुदरी करत होती. घोडे दाखव म्हणून जीव खाल्ला. आज घेऊनच आले."

मी काही बोलायच्या आत निंगव्वा शेडकडे निघाली होती. मी मागं गेले. शेड धुऊन घेतली होती आम्ही. तिथं ह्यांची पायाच्या व्यायामाची सायकल होती, आणि रद्दी.

ती दारात उभी राहिली.

"दिले मी निंगव्वा," मी म्हणाले. "तुला विचारून दिले. तू साक्री म्हणालीस ना."

रेणुकाचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "अव्वा तर घरी रोज एकेक शब्द तोडून, खुणा करून सांगते की मी अक्कोरना साक्री म्हणून सांगितलंय. अक्कोर साकतार म्हणते. म्हणून मी पण फोनवर घोड्यांचं काही विचारलं नाही..." आणि ती थांबली.

साकणं म्हणजे पाळणं. सांभाळणं, लेकरासारखं वाढवणं. दत्तक घेतलेल्या मुलाला इकडं साकुमगा म्हणतात. साक्री म्हणजे पुरे हो, आणि साक्री म्हणजेच सांभाळा हो. उच्चारात तसूभर फरक नाही. माझा जन्म धारवाडात गेला, दोन्ही अर्थ मला सारखेच ठाऊक आहेत. मी विचारलं होतं, देऊ का? त्याला 'पुरे' हे उत्तर तरी होतं का? आणि पुरे म्हणायचं असतं तर तिनं माझा हात कशाला आवळला असता? अर्ध्या तोंडानं तिला एकच शब्द काढता आला, तो तिनं तीनदा काढला, आणि मी मला सोयीचा होता तो अर्थ उचलून घरी आले.

ती रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तिला शिवी देण्याइतकीही वाचा नव्हती. ती त्या सायकलकडे बघत राहिली. मग वळून माझ्याकडे बघितलं. ओठ हलायला लागले. रेणुका म्हणाली, राहू दे अव्वा. पण ती थांबली नाही.

"जोडी?" तिनं विचारलं.

हा शब्द कन्नडातही तोच आणि मराठीतही तोच. ह्यात चुकीचं ऐकायला जागा नव्हती.

"हो," मी म्हणाले. "जोडीनंच गेल्या. एकाच गाडीतून. एकमेकींना चिकटून उभ्या होत्या."

मागच्या खिडकीत हे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते आत वळले.

निंगव्वानं मान हलवली. मग रेणुकाचा हात धरून फाटकाकडे निघाली. चहा घेऊन जा म्हणायचं मला सुचलं नाही. त्यानंतर ती मला दिसली नाही. दोन महिन्यांनी ती गेली, रेणुकानं दिवस झाल्यावर कळवलं. मला आठवते ती रिक्षातली. रेणुकानं तिचा पदर सारखा केला, काठी आडवी ठेवली. रिक्षा देसाईंच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत होते, आणि तोवर तिची मान हलत होती, हो हो म्हटल्यासारखी.